पत्र्याखालची वीतभर जागा

पेण आणि रोहे यांच्या मधे जेवढी घरं, गोठे, शाळा, देवळं आणि एस.टी.च्या निवाराशेड आहेत, तेवढ्या सगळ्यांच्या छपरांची काळजी एकट्या आमच्या व्याह्यांना होती. माणूस माणसाला भेटला की तब्येत विचारतो, भात किती झालं विचारतो. आमचे व्याही आधी वर बघायचे. वर बघून झालं की हात उलटा करून भिंतीला लावायचे, मग खांबाला, जमलं तर घरमालकाच्या पाठीला, आणि म्हणायचे, "तापतंय." इतका एककल्ली, इतका चिकट आणि इतका बरोबर माणूस मी दुसरा बघितला नाही. बरोबर असणं हाच त्यांचा मोठा दोष होता, बाकीचे मी चालवून घेतले असते. ते गेले त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर चांगलं लिहा, अशी ताकीद मला घरातून मिळालेली आहे. मी तिसरी शिकलेला माणूस. चौथीच्या मास्तरांशी माझं पटलं नाही. तेव्हा जे लिहीन ते सरळ लिहीन, त्यातून चांगलं निघालं तर निघालं.

मी जोह्यात शाडूचे गणपती करतो. बाप करायचा, आजा करायचा. व्याही रोह्याचे, म्हणजे माझ्या सुनेचे वडील. तिथल्या एका कंपनीत वाफेचे पाइप असतात, त्यांना काचेची लोकर गुंडाळायची आणि वरून पत्र्याचा झगा चढवायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. "आमी पायपांचे शिंपी," असं ते स्वतःबद्दल सांगायचे, आणि सांगताना कॉलर सारखी करायचे. पण शिंपी घरी आल्यावर सुईदोरा ठेवून देतो, हे ठेवत नसत. सायकलच्या सीटला गोणपाट, काळ्या छत्रीवर पांढऱ्या धोतराचं पान, रेडिओला बंडी. कंपनीत न्यायच्या डब्याला वर्तमानपत्राचे सात थर, त्यावर फडकं, त्यावर सुतळी. भाजी शेवटपर्यंत कढत राहायची यात शंका नाही, पण सुतळी, फडकं आणि सात थर सोडवेपर्यंत सुट्टी संपल्याचा भोंगा व्हायचा. त्यांच्याबरोबर काम केलेल्या एकानं मला सांगितलं की, यांचं जेवण आम्ही कधी बघितलं नाही, नुसतं उघडताना बघितलं.

आम्ही मुलगी बघायला रोह्याला गेलो तेव्हा चहाची किटली बाहेर आली ती लोकरीची माकडटोपी घालून. टोपीतून फक्त नळी बाहेर. माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती आणि मी मुलीकडे बघायच्या ऐवजी किटलीकडे बघत होतो. मुलगी पसंत पडली. मग रीतीप्रमाणे हे आमचं घर बघायला जोह्यात आले. मुलीकडचे लोक आले की जमीन किती, विहीर कुठं, सासू कजाग आहे का हे बघतात. हा गृहस्थ भर दुपारी माझ्या माजघरात आला आणि जमिनीवर उताणा पडला. डोळे उघडे, हातपाय ताठ. माझ्या बायकोला वाटलं फिट आली, ती कांदा फोडून धावली. पाव तासानं व्याही उठून बसले, नाकाशी धरलेला कांदा बाजूला केला आणि म्हणाले, "कौलं हायत. आढ्याला फट हाय, ऊन वर जाऊन भाएर पडतंय. घर थंड हाय. देतो मुलगी." मी त्यांना म्हटलं, "अहो, मुलगा तरी बघा." ते म्हणाले, "मुलगा काय, सुधारेल."

मुलगी त्यांनी माझ्या मुलाला दिली नाही, माझ्या कौलांना दिली, हे तेव्हा मला विनोदी वाटलं. पुढं वाटेनासं झालं.

लग्नातही त्यांनी तेच केलं. मांडवाचं कापड खाली लोंबत होतं आणि नवरानवरी घामानं भिजली होती. मंगलाष्टकं चालू असताना मुलीचा बाप बाकावर चढून बांबूनं कापड वर उचलून धरत होता. सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत त्यांनी ते तसंच धरलं. आल्बमात मुलीच्या वडिलांचा फोटो नाही, नवरीच्या डोक्यामागे त्यांचे दोन पाय तेवढे आहेत.

लग्नानंतर ते आमच्याकडे यायचे, पण पाणी प्यायचे नाहीत. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाण्याचा घोट घ्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. हल्ली ती कोण पाळतो? चहा म्हणजे काय पाणी नव्हे, सरबत म्हणजे काय पाणी नव्हे, असं म्हणत म्हणत लोक जेवून ढेकर देऊन जातात. व्याही पाळायचे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली स्वतःची बाटली घेऊन यायचे आणि तिच्यावर दिवस काढायचे. येणं झालं नाही तर कार्ड टाकायचे. कार्डावर वर "श्री", खाली "आपली कृपा असावी", आणि मधे एकच ओळ, "रोहे ३८. तिकडे किती?" खिशात त्यांच्या कायम थर्मामीटर असे, ताप बघायचा नव्हे, कंपनीत वापरतात तसला, हातभर लांब, पोकळ बांबूत घातलेला. माझ्याकडे कसला थर्मामीटर? मी मुलाकडून उत्तर लिहवून घ्यायचो, "इकडे बरे आहे."

लग्नाला चौथं वर्ष लागलं तेव्हा आमच्या पडवीत गणपती मावेनासे झाले. मुलगा म्हणाला शेड बांधू. लोखंडी पाइपांचे खांब पुरले, वर कोरे करकरीत पत्रे ठोकले, आणि मला सांगायला लाज नाही, त्या शेडखाली पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझा ऊर भरून आला. आज्यानं पडवीत काम केलं, बापानं पडवीत केलं, आणि माझ्या नावाची शेड. दिवाळी गेली, थंडी गेली, तोवर सगळं ठीक. शिमगा जवळ आला आणि पत्रा तापायला लागला. शाडू हळूहळू सुकावा लागतो, घाई केली की तडकतो. सोंडेला तडा, मनगटाला तडा, कानाच्या पाळीला तडा. आम्ही भरायचो, परत तडा. आणि त्या पत्र्याखाली सकाळपासून पाच वाजेपर्यंत स्टुलावर बसून माझी सून गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. जोहे-हमरापूरच्या पट्ट्यात तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. रेघ ओढताना श्वास धरायची, आणि रेघ संपली की कपाळावरचा घाम डाव्या दंडाला पुसायची. उजवा हात ओला होता कामा नये ना.

व्याही एकदा "सहज" म्हणून आले. शेडमध्ये शिरले, वर बघितलं, उलटा हात पत्र्याला लावला, चटकन काढला. थर्मामीटर काढून लेकीच्या स्टुलाजवळ, तिच्या डोक्याच्या उंचीला धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्याहीबुवा, गणपती तापतायत."

ते गणपती म्हणत होते, पण तापत होती त्यांची लेक. मला ते त्याच क्षणी कळलं. मुलीच्या बापानं तिच्या सासरी उभं राहून माझ्या मुलीला त्रास होतो असं म्हणायचं नसतं, म्हणून बिचारे गणपतींच्या नावावर बोलत होते. मुलाचा बाप ते म्हणू शकतो. मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "गणपतींचं आमी बघून घेऊ."

त्यावर त्यांनी ते केलं जे फक्त तेच करू शकत. पुढच्या रविवारी पेणहून जोह्याच्या एस.टी.नं सामान घेऊन उतरले. एक थर्माकोलचा तक्ता, एक काचेच्या लोकरीची गादी, एक पेंढा भरलेलं पोतं आणि एक बुरडाकडची बांबूची तट्टी. काचेची लोकर बाजारातून विकत आणली होती. कंपनीतला तुकडाही त्यांनी तीस वर्षांत घरी आणला नाही, माकडटोपी लोकरीची होती ती मेंढीच्या. चारही नग त्यांनी पत्र्याखाली चार ठिकाणी बांधले. प्रत्येकाखाली फळीला खिळा मारून एक मेणबत्ती आडवी टांगली, आणि एक नुसत्या पत्र्याखाली. मग त्यांनी टोपी काढली. डोक्यावर एक केस नाही. "थर्मामीटर खोटं बोलेल, टक्कल नाय," असं म्हणून ते प्रत्येक नगाखाली एकेक तास बसले. मांडीवर वही, तोंडावर कसलाही भाव नाही. सगळं जोहं बघायला जमलं. कुणी म्हणालं, व्याह्यांनी गणपतीचं व्रत धरलंय. कुणी म्हणालं, मूर्ती नवी हाय, रंगवायची ऱ्हायलीय.

नुसत्या पत्र्याखालची मेणबत्ती बारा वाजता मान टाकून लोंबायला लागली. काचेच्या लोकरीखाली गारवा बरा होता, पण तिची बारीक कुसळं खाली पडली आणि व्याह्यांचं टक्कल खाजायला लागलं. कच्च्या रंगावर ही कुसळं बसली म्हणजे झालं. पेंढ्यात दुपारपर्यंतच उंदीर शिरला. थर्माकोलची मेणबत्ती ताठ होती. तट्टीचीही ताठ होती, पण तट्टी त्यांनी पत्र्याला चिकटवली नव्हती, वीतभर खाली टांगली होती. तीन वाजता त्यांची बाटली संपली. ओठ पांढरे पडलेले. सून तांब्याभांडं घेऊन आली. "नको गो बाय," म्हणाले आणि उठून गावाबाहेरच्या हापशापर्यंत उन्हातून चालत गेले, पिऊन परत आले. सून तांब्या घेऊन तशीच उभी. म्हणाली, "बाबा पाणी पिनार नाय, मामंजी आयकनार नाय. मी आपली मधे बसते."

संध्याकाळी त्यांनी निकाल सांगितला. तट्टी. वीतभर जागा सोडून तट्ट्यांचं दुसरं छत करायचं, वर आढ्याला फट ठेवायची, बाजू उघड्या ठेवायच्या. मधल्या जागेतून ऊन आपलं आपण वर जाऊन बाहेर पडतं. "थर्माकोल वायट नाय," म्हणाले, "पन तुमच्याकडं टर्पेंटाइन हाय, रंग हाय. थर्माकोल लावाल तर कोंडून लावाल. वाफ जानार कुठं? ऊन म्हंजे पाव्हना, व्याहीबुवा. आला तर येऊ द्यावा, पन जायला मागलं दार ठेवावं."

आता माझी बाजू ऐका. हमरापूरला एका बड्या कारखानदारानं शेडला पांढरंशुभ्र थर्माकोल लावलं होतं. मुंबईचे व्यापारी आले की आधी तिथं जायचे, वर बघून वाहवा करायचे. आणि मी माझ्या नावाच्या कोऱ्या शेडला बुरडाच्या तट्ट्या लावायच्या? लोक म्हणाले असते म्हाताऱ्यानं गोठा बांधला. आणि दुसरं, जे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, ते म्हणजे हे मुलीकडच्या माणसानं सांगितलेलं होतं. मुलीकडच्यांनी सांगावं आणि मुलाकडच्यांनी ऐकावं, असं आमच्या तीन पिढ्यांत झालं नव्हतं. बायको म्हणाली, "त्येंना तोंड नाय आनि तुमाला कान नाय." मी म्हटलं, "तू चुलीकडं बघ." दुसऱ्या आठवड्यात पेणहून थर्माकोल आणलं. पत्र्याला अगदी घट्ट चिकटवलं, आढ्याची फट बंद केली, बाजूंना प्लास्टिक मारलं. शेड अशी झाली की वाटावं पेणचा लग्नाचा हॉल आहे.

व्याही आले, बघितलं. या वेळी हात लावला नाही. लेकीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "छान दिसतंय." एवढंच. मला बोलून लोकांनी खूप दुखवलं आहे, पण त्या "छान"सारखं कुणी नाही. मी चिडून मुलाकडून कार्ड लिहवून घेतलं, "इकडे गार आहे." खरंच गार होतं, दुपारी बारापर्यंत. त्यानंतर सगळा रंगाचा वास, टर्पेंटाइनची वाफ, माणसांचा श्वास त्या पांढऱ्या छताखाली दाटून राहायचा. डोकं जड व्हायचं. सून म्हणायची, "मामंजी, जरा प्लास्टिक वर करू?" मी म्हणायचो, "धूळ येईल गो, रंग ओला हाय." दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

वैशाखात एका दुपारी ती स्टुलावरून पडली. कुंचला हातात तसाच. गणपतीच्या डाव्या डोळ्यापासून सोंडेपर्यंत काळी रेघ ओढत गेली आणि मग ती खाली. पेणच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई वाचल्यात, पण त्यांना परत त्या शेडमध्ये बसवू नका. दोन्ही दिवस ती डोळे मिटून पडून होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभा असायचो, डोक्याशी जायचा धीर होत नव्हता.

व्याही पहिल्याच गाडीनं आले. ओरडतील असं मला वाटलं होतं, खरं तर मी त्याची वाट बघत होतो. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि बरं वाटलं असतं. ते लेकीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसले. मग बाहेर आले, माझ्या शेजारी बाकावर बसले आणि समोर बघत म्हणाले, "व्याहीबुवा, कंपनीत एक पायप उघडा ऱ्हायला तर मला मेमो मिळायचा. तुमाला कोन देनार?"

लेकीला ते रोह्याला घेऊन गेले. महिनाभर विश्रांती म्हणून. महिना झाला, दोन झाले. आता रीत अशी की सासरच्यांनी न्यायला जायचं. मी म्हटलं, मी जाणार नाही, तिचं घर आहे, तिनं यावं. मुलगा न्यायला गेला तो तिकडेच राहिला. रोह्याच्या कंपनीत त्याला शिफ्टची नोकरी लागली. त्याला मी घरजावई म्हटलं, तेही कार्डावर, उघड्या कार्डावर, पोस्टमनसकट सगळ्यांनी वाचावं म्हणून. कार्ड लिहायला मुलगा नव्हता, म्हणून माझ्या तिसरीच्या अक्षरात लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. त्या वर्षी डोळे मीच आखले. मुंबईचा एक व्यापारी मूर्ती फिरवून फिरवून बघत होता. म्हणाला, "बाबा, यंदा गणपती जरा रागावलेले वाटतात." मी त्याला शेडबाहेर काढलं. दुसऱ्या वर्षी तो आला नाही.

त्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, कार्ड आलं. वर श्री, खाली आपली कृपा असावी. मधे लिहिलं होतं, "आपणांस नातू झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. रोहे ३३. तिकडे किती?" बायको कार्ड छातीशी धरून रडली आणि दुसऱ्या दिवशी बारशाची तयारी करून निघाली. मला म्हणाली, चला. मी म्हटलं, शेडमध्ये काम आहे. शेडमध्ये काही काम नव्हतं. मी तिथं बसून एकाच गोष्टीचा विचार करत होतो. लेकीला मूल झालं, म्हणजे व्याह्यांना आता माझ्या घरी पाणी प्यायची मोकळीक झाली. आणि ज्या लेकीच्या हातून त्यांनी ते प्यायचं, तीच माझ्या घरात नव्हती. चार वर्षं एक माणूस स्वतःची बाटली घेऊन आला, उन्हातून हापशापर्यंत चालत गेला, ते काय यासाठी?

फाल्गुनात ते न सांगता आले. एस.टी.च्या टपावर बांबूच्या तट्ट्यांच्या चार गुंडाळ्या, कंडक्टरशी त्यावरून झालेलं भांडण अजून तोंडावर. अंगात कंपनीतला जुना निळा डगला, रिटायर होऊन त्यांना वर्ष झालं होतं. माझी बायको तांब्या घेऊन धावली. अंगणात उभ्या उभ्या, तोंड वर करून त्यांनी अख्खा तांब्या घशात ओतला. मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पानी ग्वाड हाय. सहा वर्सं तुमच्या विहिरीच्या रहाटाचा नुसता आवाज ऐकत होतो." मी दारात उभा होतो. मला म्हणाले, "शिडी कुठं हाय?"

मी शिडी दाखवली. थर्माकोलची काय दशा झाली होती ती त्यांना सांगावी लागली नाही. उंदरांनी बोगदे पाडले होते, तुकडे लोंबत होते, पांढरे कण ओल्या रंगावर बसून गणपतींना कोड फुटल्यासारखं दिसायचं. आम्ही दोघांनी मिळून ते ओरबाडून काढलं. दोन म्हातारे, एक शिडी. ते वर असले की मी खाली, मी वर असलो की ते खाली. चार दिवसांत आमचं बोलणं म्हणजे "सुतळी द्या" आणि "पाय सांभाळा". भांडण मात्र एकदा झालं. पत्र्यापासून वीतभर जागा सोडायची, पण वीत कुणाची? त्यांचा हात लहान, माझा माती मळून मळून राकट झालेला, चांगला दोन बोटं मोठा. ते त्यांच्या वितीनं दोरी बांधत होते, मी माझ्या वितीनं सोडवत होतो. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमच्या वितीनं घ्या. छप्पर तुमचं हाय." मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सगळा जन्म ज्यांनी कुणाच्या छपरापुढं हार घेतली नाही, त्यांनी ती अशी सहज घ्यावी?

चौथ्या दिवशी आढ्याची फट मोकळी केली, प्लास्टिक फाडून काढलं. वारा आरपार गेला. व्याही खाली बसून सुतळीचे तुकडे गोळा करत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कुणासाठी केलंत हे? ती तर यायची नाय."

त्यांनी मान वर केली. मला वाटतं, इतक्या अडाणी प्रश्नाची त्यांना अपेक्षा नव्हती. "अवो," म्हणाले, "तुमी बसताय ना इथं?"

मी उठून शिडी जागेवर नेऊन ठेवली, ती आधीच जागेवर होती.

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना सोडायला निघालो. मुलाकडच्यानं मुलीकडच्याला अंगणापर्यंत सोडायचं असतं, मी गाडीत चढलो. म्हटलं, "पेणपर्यंत येतो. रंग आणायचाय." ते "बरं" म्हणाले. पेणला रोह्याची गाडी लागलेलीच होती. रंगाचं दुकान समोर दिसत होतं. मी म्हटलं, "वडखळला जरा काम हाय," आणि त्यांच्या मागोमाग चढलो. काय काम, हे त्यांनी विचारलं नाही. कंडक्टर आला. मी खिशात हात घालेपर्यंत व्याह्यांनी दोन बोटं वर केली, "दोन रोहे." मी म्हटलं, "मी वडखळला उतरनार हाय." ते म्हणाले, "उतरा की. तिकीट काय धरून ठेवत नाय." वडखळ आलं. गाडी चांगली पाच मिनिटं थांबली, माणसं उतरली, चढली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. नागोठणं आलं, अंबा नदीचा पूल गेला. व्याही पुढच्या सीटच्या दांड्यावर डोकं टेकून झोपले होते, किंवा झोपल्यासारखं करत होते. मी मनात एक वाक्य जुळवत होतो. झालं गेलं, चूक माझी, घरी चल. साधं वाक्य. भिसे खिंड उतरेपर्यंत ते माझं तोंडपाठ झालं होतं.

रोह्याला दार सुनेनं उघडलं. कडेवर पोरगं, नुकतं झोपेतून उठलेलं. मला बघून तिचा हात आपोआप पदराकडे गेला. मी उंबऱ्याबाहेर उभा. वाक्य घशापर्यंत आलं आणि मी म्हणालो, "तट्ट्या लावल्यात."

"व्हय," ती म्हणाली. मग तिनं पोरगं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "श्रावणात येईन, मामंजी. आठ दिवस. डोळ्यांपुरती." परत येईन असं ती म्हणाली नाही. मीही "तसं म्हण" म्हटलं नाही.

तेव्हापासून ती येते, श्रावणात आठ दिवस. पहिली दोन वर्षं व्याही तिला पोचवायला आले, दिवसभर बसून गेले. तिसऱ्या वर्षी ती एकटीच आली. बाकीचे दिवस शेडमध्ये मीच असतो. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता बाहेर पाय ठेववत नाही तेव्हा तिथं गार असतं, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसं. हे त्यांना एकदा सांगायला हवं होतं.